रुमालाखाली घातलेला हात

सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडाच्या पेढीवरची नोकरी मी सोडली, त्या दिवशी मालकांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो होतो, "आता मी कुणाचा ताबेदार नाही. दहा दुकानांचे हिशेब लिहीन, आणि दहाही ठिकाणी लोक 'या दिवाणजी, बसा' म्हणतील."

मालक पान लावत होते. बोटाचा चुना पानाला पुसून म्हणाले, "बरं. दौत तेवढी ठेवून जा. पेढीची आहे."

अशा रीतीने माझा स्वतंत्र धंदा सुरू झाला. दौतीशिवाय.

आमचं कुटुंब तेव्हा मंद्रूपला, माहेरी. मी नोकरी सोडल्याचं कानावर जाताच सासरे बैलगाडी घेऊन आले आणि "चार दिवस ऱ्हाईल" म्हणून तिला घेऊन गेले. मंद्रूपला त्यांचा तेलाचा घाणा, आणि घाण्याला लागून दुकान. दुकानावर बसायला भरवशाचा माणूस मिळत नाही ही त्यांची जुनी तक्रार होती. भरवशाचा, घरचा आणि बिनपगारी असा माणूस म्हणजे जावई, ही कल्पना मात्र नवी होती.

गाडी जुंपता जुंपता ते म्हणाले, "जावईबापू, संक्रांतीच्या गड्ड्याच्या जत्रंपतुर बघा. तवर तीन गिऱ्हाइकं पक्की झाली, शेरात धड खोली झाली, तर पोरगी घिऊन जावा. न्हाय झाली तर गपगुमान हितं या आन् दुकानावर बसा. सावलीतलं काम हाय. मान हालवायची आन् तेल मापायचं."

मी "हो" म्हणालो. त्या काळात मी कुणालाही "हो"च म्हणत असे. समोरचा माणूस बोलताना थांबला की माझी मान आपसूक खाली जाई. पेढीवर हा गुण समजला जात होता. स्वतंत्र धंद्यात त्याचं काय होतं, ते पुढे आलंच.

गाडी हलली तेव्हा कुटुंबानं पदराआडून माझ्याकडे पाहिलं. वडिलांसमोर बोलायची सोय नव्हती. पण त्या नजरेचा अर्थ मला मोडी अक्षरापेक्षा लवकर लागला. तिला त्या दुकानात आयुष्यभर तेलकट बसलेला नवरा नको होता.

तेव्हा गिऱ्हाइकं शोधणं आलं. मी काळा कोट चढवला, काळी टोपी घातली, काखेत लाल कापडात बांधलेली चोपडी आणि हातात छत्री घेतली, आणि साखर पेठेत विणकरांच्या गल्लीत शिरलो. दोन्ही बाजूंनी मागांचा खटखटाट चालला होता. मी जसजसा पुढे जाऊ लागलो तसतसा एकेक माग बंद पडत गेला. गल्लीच्या मध्यावर पोचलो तेव्हा तिथे इतकी शांतता होती की माझ्याच वहाणा मला ऐकू येत होत्या.

एका दारात एक बाई उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "लेरु! लेरु!" म्हणजे तेलुगूत, घरात नाहीत. नसलेले मालक दाराच्या फळीमागे उभे होते. फळीखालून त्यांचे पाय दिसत होते. मी त्या पायांना उद्देशून सांगितलं की मी सावकाराचा वसुलीवाला नव्हे, हिशेब लिहिणारा आहे. पाय हलले नाहीत. बाई म्हणाली, "हिशेब लिहिणाराच पुढच्या महिन्यात वसुलीला येतो." ह्यावर मी मान डोलावली. काय करणार, बोलली ते खरंच होतं!

पोशाख चुकला, असं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी कोट-टोपी काढून फेटा बांधला, खांद्यावर उपरणं टाकलं आणि मंगळवार पेठेत गेलो. पहिल्याच घरी "या, या" झालं. बसायला पाट, पुढ्यात चहा, पोहे. मी खूश. थोड्या वेळानं आतून नेसून-सवरून एक मुलगी आली आणि खाली मान घालून माझ्यासमोर बसली. मग कळलं की मला मध्यस्थ समजण्यात आलं होतं. तोवर पोहे संपले होते. मुलीच्या बापानं पत्रिका पुढे केली आणि विचारलं, "चांगलं स्थळ बघाल ना?"

"हो," मी म्हणालो.

ती पत्रिका बरेच दिवस माझ्या चोपडीत होती.

पहिलं गिऱ्हाईक शेवटी भुकेनं मिळवून दिलं. मी जिथे जेवत असे ती खाणावळ एक मावशी चालवत. त्यांची उधारी चुलीमागच्या भिंतीवर कोळशाच्या रेघांनी मांडलेली असे, आणि दिवाळीला भिंतीला चुना दिला की अर्ध्या सोलापूरचं कर्ज फिटे. मी म्हणालो, मावशी, मी वहीत लिहीन. बदल्यात दोन वेळचं जेवण. मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"जेवता किती, ते मला ठाव हाय. लिवता किती, ते बघू," त्या म्हणाल्या आणि कबूल झाल्या.

दुसरं गिऱ्हाईक लग्नात वाजवणारा बँड. त्याचे उस्ताद पांढऱ्या मिशांचे, प्रेमळ, आणि खिशानं कायम रिकामे. कुणाच्या वाट्याला काय येतं यावरून ढोलवाला आणि क्लॅरिनेटवाला यांची रोज जुंपायची, म्हणून मी हवा होतो. महिना भरला तेव्हा उस्ताद माझ्या खोलीवर आले. एकटे नाही, सगळा बँड घेऊन.

"मुन्शीजी, पैसे तो नईं हैं," ते छातीवर हात ठेवून म्हणाले. "मगर आपका हक हम नईं रखते. बजा को देतूं."

आणि त्यांनी माझ्या खिडकीखाली, भर सकाळी, महिन्याची फी वाजवून दिली. संपूर्ण. गल्ली गोळा झाली. काहींनी मला लग्नाबद्दल शुभेच्छा दिल्या. घरमालक वरून खाली आले, शेवटची धून संपेपर्यंत शांत उभे राहिले, आणि मला महिनाअखेर खोली खाली करायला सांगितलं.

म्हणजे जत्रा तोंडावर आलेली, तिसरं गिऱ्हाईक नाही, आणि आता खोलीही नाही. जवळ होते ते फक्त पेढीवर असताना जमवलेले रुपये. नव्या खोलीचं आगाऊ भाडं आणि संसाराची भांडीकुंडी यासाठी ते मी कापडी कशात, म्हणजे पिशवीत, घालून कमरेला बांधून फिरत असे, आणि रात्री झोपताना एकदा चाचपत असे.

अशा वेळी मावशींनी मला बैलांच्या दलालापुढे उभं केलं. गड्ड्याची जत्रा म्हणजे जनावरांचा मोठा बाजार. मंगळवेढ्यापासून कर्नाटकापर्यंतची माणसं बैल घेऊन उतरत. हा दलाल त्या दिवसांत मावशींकडे जेवायला असे. कपाळाला भस्माचे आडवे पट्टे, खांद्यावर सतरंजीएवढा रुमाल, आणि बोलणं अर्धं मराठी, अर्धं कानडी.

"यप्पा, आमचा भागीदार म्हनतोय मी दलाली खातो," तो भाकरी मोडत म्हणाला. "सौदा झाला की तितंच लिवून ठेवनारा मानूस पायजे. तुमाला बैलातलं कळतं काय?"

"हो," मी म्हणालो. शिंगं कोणत्या बाजूला असतात एवढं मला निश्चित माहीत होतं.

"दलालीतलं?"

"हो."

मावशी वाढता वाढता थांबल्या. "दिवानजी, एकदा तरी न्हाई म्हना की. जीभ झडत न्हाई."

"हो मावशी," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बाजारात चोपडी उघडून बसलो. छत्री उघडून बैलाच्या आणि माझ्या मध्ये धरली. पहिला सौदा सुरू झाला, आणि माझी लेखणी अडली, कारण कुणी काही बोलतच नव्हतं. दलालानं विकणाऱ्याच्या हातावर रुमाल टाकला, आपला हात आत घातला, आणि दोघं दोन वेगळ्या दिशांना बघत उभे राहिले. जणू एकमेकांशी ओळखच नाही. रुमाल आतून उंदीर शिरल्यासारखा हलत होता. मग दलाल घेणाऱ्याकडे गेला, तिथेही तेच.

"किती ठरलं?" मी विचारलं.

"ते तोंडानं बोलायचं नसतं," दलाल कुजबुजला. "बोटं धरायची. किती बोटं, म्हंजे किती रुपये, ते ज्याचं त्याला. चारचौघांत मोल बोललं तर बाजार फिरतो, जनावराला दृष्ट लागती."

"पण आकडा नसेल तर मी लिहू काय?"

"घेनाऱ्याचं लिवा, देनाऱ्याचं लिवा. आकडा संध्याकाळी सांगतो की."

इथे माझ्यातला पेढीवरचा माणूस जागा झाला. चोपडीत नावं आहेत आणि आकडा नाही, असं पान मी जन्मात लिहिलं नव्हतं. शिवाय, आकडा संध्याकाळी हाच सांगणार, तर भागीदार म्हणतो ते खोटं कशावरून? मी दलालाला सुनावलं की मी स्वतः खात्री केल्याशिवाय काही लिहीत नसतो. वाक्य मला आवडलं. गिऱ्हाइकानं ते विचारलेलं नव्हतं, हे मला सुचलं नाही.

तेवढ्यात नवा सौदा उभा राहिला. विकणारा मंगळवेढ्याकडचा एक मेंढपाळ, खांद्यावर घोंगडी, चेहरा दगडासारखा. त्याच्या मागे एकच बैल. पांढरा, भरदार, शांत डोळ्यांचा. इतका देखणा बैल सकाळपासून कुणी का घेत नाही, याचं मला नवल वाटलं. पण ते नवल मी मनातच ठेवलं. दलालानं रुमाल टाकला, हात घातला. आणि मी, खात्री करणारा मी, दुसऱ्या बाजूनं हळूच माझाही हात आत सरकवला.

नेमकी त्याच क्षणी दलालाला तपकिरीची तल्लफ आली. त्यानं हात बाहेर काढला आणि कनवटीची डबी शोधू लागला.

रुमालाखाली आता मेंढपाळाचा हात होता आणि माझा. रिवाजाप्रमाणे तो दूर देवळाच्या शिखराकडे बघत होता. त्यानं माझी काही बोटं धरून दाबली. किती ते मला नीट मोजता येईना, म्हणून मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. मला काय ठाऊक की त्या भाषेत सैल सोडणं म्हणजे नकार आणि घट्ट धरणं म्हणजे कबुली!

"पसंत?" त्यानं शिखराला विचारलं.

प्रश्न कानावर आला की उत्तर ठरलेलंच होतं. "हो," मी म्हणालो.

मेंढपाळानं रुमाल झटकला, माझ्या तळहातावर टाळी दिली, आणि त्याच हातात कासरा ठेवला. कुणीतरी बैलाच्या कपाळाला गुलाल लावला. उरलेला माझ्या.

"अहो, मी दिवाणजी आहे!" मी ओरडलो.

"मग बैलाचा हिसाब बरा ऱ्हाईल," मेंढपाळ म्हणाला.

मी दलालाकडे धावलो. त्याची तपकीर ओढून झाली होती. सगळं ऐकून तो एकदा शिंकला आणि डोळे पुसत म्हणाला, "दिवानजी, रुमालातला शब्द मोडला तर उद्या माज्या रुमालात कोन हात घालंल? माजं पोट त्या फडक्यावर हाय."

तो खोटा असता तर भांडलो असतो. कमरेचा कसा सुटला. खोली गेली, तवा-परात गेली. तरीही थोडे कमी पडले, तेव्हा मेंढपाळानं माझी छत्री उघडझाप करून पाहिली आणि ती घेऊन सौदा पुरा केला. दलालानं रिवाजाप्रमाणे दलाली माझ्या पगारातून वळती करून घेतली. त्याच्या चोपडीत माझ्या हातची एकच नोंद आहे: विकणारा अमुक, घेणारा मी. आकडा तेवढा मला तोंडपाठ होता.

निघताना जत्रेतला ढोल वाजू लागला, आणि बैल जागच्या जागी उभा राहिला. ढोलाच्या ठोक्याला मान खाली, मान वर, खाली, वर. आजूबाजूची माणसं हसली. सकाळपासून गिऱ्हाईक का नव्हतं, ते आता कळलं. बैल पूर्वी एका नंदीवाल्याचा होता. दारोदार फिरून, ठोका ऐकला की "होय" म्हणायचं, एवढंच शिकला होता; नांगराला निरुपयोगी.

"लई गुनी हाय," मेंढपाळ माझ्या छत्रीखालून म्हणाला. "आजवर कुनाला न्हाई म्हनला न्हाई."

बैलानं माझ्याकडे पाहिलं. मी बैलाकडे पाहिलं. आम्हा दोघांत ओळख करून द्यायची गरज नव्हती.

मावशींनी खाणावळीच्या मागे त्याला बांधू दिलं. "तिसरं गिऱ्हाईक मिळालं म्हनायचं," त्या म्हणाल्या. "कडबा तुमच्या हिशेबात लिवा." सकाळी मी मंद्रूपचा रस्ता धरला. दुसरा रस्ता नव्हता. मुदत जत्रेपर्यंतची होती आणि शब्द दिलेला होता. वाटेत बँडचे उस्ताद भेटले. मी शहर सोडतोय ऐकून त्यांचे डोळे भरून आले, आणि मधल्या दिवसांची फी चुकती करायला सगळा बँड वेशीपर्यंत वाजवत निघाला. ढोल वाजला की बैल थांबून मान डोलावी. बैल थांबला की उस्तादांना वाटे त्याला धून आवडली. ते आणखी जोरात वाजवत. वेस यायला दुपार झाली.

वाटेत एक रात्र काढून, सीना ओलांडून दुसऱ्या दिवशी मंद्रूपला पोचलो तेव्हा आठवड्याचा बाजार ऐन भरात होता. सासरे दुकानात, समोर गिऱ्हाइकांची गर्दी. मला, माझ्या कासऱ्याला आणि कासऱ्याच्या दुसऱ्या टोकाला पाहून त्यांच्या हातातलं तेलाचं माप तिरकं झालं.

"जावईबापू, छत्री कुटं हाय?"

मी सगळं सांगितलं. बाजारातल्या माणसांनी ते माझ्यापेक्षा जास्त चवीनं ऐकलं. सासऱ्यांचा चेहरा मात्र उजळत गेला. तीन गिऱ्हाइकं नाहीत, खोली नाही, पैसा नाही. आणि वर घाण्याला बैल. सासूबाई मात्र तांब्या घेऊन बाहेर आल्या, बैलाच्या पायांवर पाणी घातलं, हळद-कुंकू वाहिलं आणि नवऱ्याला बजावलं, "नंदी हाय ह्यो. घान्याला जुंपाल तर मी जेवायची न्हाई."

"बरं, बैल ऱ्हाऊ दे," सासरे म्हणाले. "जावई तर मिळाला." आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून, सवयीप्रमाणे, तेलाच्या रिकाम्या डब्यावर बोटांनी ठेका धरत म्हणाले, "मग ठरलं? जावईबापू आता जन्मभर आपल्या दुकानावर बसनार, व्हय का न्हाय?"

बैलानं मान डोलावली. खाली, वर. खाली, वर.

"नंदीनं कौल दिला!" गर्दी ओरडली. कुणी हात जोडले. सासऱ्यांनी माझ्याकडे पाहिलं. माझी मानही खाली जाऊ लागली होती. सवय ती सवय.

एवढ्यात दाराच्या आतून कुटुंब बाहेर आलं. आईवडिलांसमोर नवऱ्याशी बोलायची रीत नव्हती, म्हणून ती माझ्याकडे न बघता सरळ बैलापुढे जाऊन उभी राहिली.

"काय रे देवा," ती बैलाला म्हणाली, "ज्याला न्हाई म्हनाया येत न्हाई, त्येला दुकानावर बसवला तर दुकान उधारीत बुडंल का न्हाय?" आणि तिनं डब्यावर चांगला ठसठशीत ठोका दिला.

बैलानं मान डोलावली.

"आन् मी आज सोलापूरला जाऊ का?" पुन्हा ठोका.

बैलानं आनंदानं मान डोलावली. गर्दी आता दुप्पट झाली होती. लोक बैलाला पाहायला येत होते, प्रश्न विचारत होते, आणि आलेच आहेत तर तेलही घेत होते. सासरे व्यापारी माणूस. त्यांचे डोळे गर्दीवरून फिरले, मापावर आले, बैलावर स्थिरावले. मग त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि माझ्या हातावर टाकलं.

उपरण्याखाली त्यांनी माझी बोटं धरली. ते बाजाराकडे बघत होते, मी आकाशाकडे. मी हात सैल सोडला. माझ्या आयुष्यातला पहिला नकार, आणि तो कुणाला दिसलाही नाही. त्यांनी पुन्हा धरली, जरा वाढवून. मी पुन्हा सैल सोडला. घाम मला फुटला होता की त्यांना, सांगता येत नाही. हात ओला होता एवढं खरं. तिसऱ्यांदा त्यांनी धरली आणि थोडं थांबून आणखी एक बोट जोडलं. ते छत्रीचं असावं.

मी घट्ट धरलं.

बैल दुकानापुढे बांधला गेला. मान हलवायला सासऱ्यांना जो घरचा माणूस हवा होता तो त्यांना मिळाला. संध्याकाळच्या आत आम्ही दोघं सोलापूरच्या गाडीत बसलो होतो. वाटेत तिनं विचारलं, "अप्पांनी किती दिले?"

"ते बोलायचं नसतं," मी म्हणालो.

"माझ्यापाशी पन?"

"नाही."

ती हसली. "हे बरं शिकलात. फक्त माझ्यापासनं सुरू करायला नको होतं."

खोली मिळाली, बँडला पत्ता कळवला नाही. महिनाभरानं सासरे स्वतः सोलापूरला आले आणि बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले. तेलाचा खप वाढला होता, पण एक अडचण झाली होती. गावातली हुशार माणसं दुकानावर येत, डब्यावर टिचकी मारून बैलाला विचारत, "उधार मिळंल का?" आणि नंदीनं होय म्हटल्यावर सासूबाई नाही म्हणू देत नसत. अर्ध्या गावाची उधारी झाली होती.

"लिवून ठेवनारा कोनी पायजे," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "बाजाराच्या दिवशी तेवढा."

"येईन," मी म्हणालो. "गिऱ्हाईक म्हणून. गादीवर बसणार नाही, माप धरणार नाही, आणि उधार द्यावी की नाही हे मला विचारायचं नाही."

त्यांनी उपरणं काढलं. आतून चहा घेऊन येणारं कुटुंब दारातच थांबलं आणि भिंतीकडे बघू लागलं. मी हात पुढे केला, आणि ह्या खेपेला दोनदा सैल सोडला.

माझं तिसरं गिऱ्हाईक ते. दर बाजाराला मी मंद्रूपला जात असे, बैलाशेजारी घोंगडी टाकून लिहीत असे. दौत मात्र माझी स्वतःची होती.